जुनी कॅम्पर की जुनी व्ही-क्रॉस?

संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला की मला हेच विचारणारे फोन सुरू होतात. बाग काटोल-नरखेडकडे, घर नागपुरात, मुलं शाळेत. पाच जण बसतील आणि मागे कॅरेटही जातील अशी एकच गाडी हवी, पण नवीचा भाव ऐकून हिंमत होत नाही. मग फिरून फिरून दोन नावं उरतात: महिंद्राची बोलेरो कॅम्पर आणि इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस. टोयोटाची हायलक्स आपल्याकडे 2022 मध्ये आली, पण ती जुनी घ्यायची तरी आधी बाग विकावी लागेल. टाटाची झेनॉन चांगल्या हातातली सापडली तर बघा, एवढंच म्हणेन.

मनाने मी व्ही-क्रॉसवाला, हे आधीच कबूल करतो. 2016 पासून इथे मिळणाऱ्या या गाडीचं BS4 (प्रदूषणाच्या जुन्या निकषाच्या) मॉडेलमधलं अडीच लिटरचं डिझेल इंजिन 134 अश्वशक्तीचं. कॅम्परचं इंजिनही अडीच लिटरचंच, पण BS6 झाल्यावरसुद्धा तिची ताकद 75 च्या आसपास. समृद्धी महामार्गावर फरक लगेच कळतो. व्ही-क्रॉस कारसारखी 110 ला शांत धावते, कॅम्पर 80 च्या गव्हर्नरवर (वेग रोखणाऱ्या यंत्रावर) अडकते आणि मागचे ट्रक आरशात मोठे होत जातात. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना व्ही-क्रॉसचा एसी सुखाचा वाटतो. कॅम्परच्या बऱ्याच मॉडेलांत एसीच नाही, आणि मागचा बाक इतका ताठ की आई-बाबा काटोलला पोहोचेपर्यंत तीनदा विचारतात, अजून किती?

पण कॅरेट मोजा. एका कॅरेटमध्ये वीसेक किलो संत्री धरली तर पन्नास कॅरेट म्हणजे एक टन. कॅम्पर टनभर मालासाठीच बनवलेली आहे. व्ही-क्रॉसचा हौदा जेमतेम पाच फुटांचा आणि पासिंग खासगी. दोन्ही गाड्यांच्या आरसीवर एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. ते वजा करा, त्यातून घरची माणसं वजा करा, उरलं तेवढंच तुमचं. हे गणित मांडल्यावर माझ्या एका मित्राचा चेहरा उतरला होता. कळमन्याच्या बाजारात माल स्वतः नेणार असाल तर व्ही-क्रॉस विसरा. तोडणी व्यापारी करणार आणि तुम्ही फक्त फवारणीचे ड्रम, खताच्या चार गोण्या आणि ठिबकच्या नळ्या नेणार असाल, तर गोष्ट वेगळी.

कागदांचं थोडक्यात. कॅम्पर साधारण पिवळ्या पाटीची. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दरवर्षी, वर पर्यावरण कर. व्ही-क्रॉस पांढऱ्या पाटीची, तिची नोंदणी पंधरा वर्षांची, पण तिच्यावर भाड्याने माल वाहायचा नाही. लायसन्सची भीती मात्र सोडा: साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

खरी मेख पुढे आहे. आपल्याकडची जुनी कॅम्पर कुठून येते? बरेचदा उमरेड, वणी, चंद्रपूरकडच्या खाणींवर ठेकेदाराची माणसं ने-आण करून, नाहीतर कन्हानच्या रेतीवरून. मी स्वतः एक पांढरीशुभ्र कॅम्पर घेऊन बसलो होतो. रंग नवा, सीट कव्हर नवं, मीटरवर 62 हजार. पहिल्या पावसात दाराच्या खालच्या भोकांतून काळं पाणी गळायला लागलं. आतलं पॅनल उघडलं तर कोळशाची भुकटी चहापत्तीसारखी थापलेली. विकणारा म्हणाला, रस्त्याची धूळ असेल. माझा मिस्त्री नुसता हसला: "भाऊ, इंजन त पोराईलेही पुरंन, पण तुमी चेसिस पायली का?" नव्हती पाहिली. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ वेल्डिंगचा जाड ओघळ होता, वरून काळा रंग मारलेला.

तेव्हापासून मी आधी गाडीखाली झोपतो. दोन्ही बाजूंचे पाटे सारखे आहेत का, एखादा नवा चमकतोय का, रिकामी असूनही गाडी एका अंगाला झुकते का? मग क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर. मीटर खोटं बोलतो, रबर नाही. टायरवरचे चार आकडेही वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, आपल्या उन्हात वाळलेला टायर समृद्धीवर नेऊ नका.

व्ही-क्रॉसची कुंडली वेगळी. ती बहुतेक हौशी माणसाकडे असते, म्हणून चेसिस सहसा धडधाकट, पण मोठे टायर, उचललेलं सस्पेन्शन, कुठून तरी केलेलं रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) असले उद्योग झालेले असतात. मूळ सस्पेन्शनवरचीच घ्या. BS6 असेल तर शहरातल्या शहरात फिरलेली टाळा, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो. सुट्या भागांसाठी थांबायची तयारी ठेवा. कॅम्परचे तालुक्याच्या दुकानातही मिळतात. आणि सव्वापाच मीटरहून लांब ही गाडी इतवारीच्या गल्लीत घालून एकदा वळवून बघा, मगच टोकन द्या.

तरी एकच नाव सांगा म्हणाल, तर दहा एकरांच्या बागेला मी 2018 नंतरची, एकाच मालकाची, शेतातच वापरलेली कॅम्पर सांगेन. तुमच्याच आरटीओतली मिळाली तर एनओसीची (ना-हरकत दाखल्याची) धावपळही वाचेल. बघायला सकाळी सहाला जा, आणि गाडी सुरू करून ठेवू नका असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. थंड इंजिन कसं उठतं, पहिला धूर कोणत्या रंगाचा, हे तेव्हाच दिसतं. मे महिन्यात दुपारी दोनला बॉनेटला हात लावून काय कळणार, तेव्हा तर बसस्टॉपचा बाकही तेवढाच तापलेला असतो.