नदीकाठची जमीन: टीपीत द्यावी की बिल्डरबरोबर लेआऊट करावा?

आमची साडेतीन एकर जमीन हवेली तालुक्यात, मुळा-मुठेच्या काठाला लागून. वर ऊस, मधल्या पट्ट्यात पालेभाजी, आणि खालची तीसेक गुंठे गाळपेर, म्हणजे मोठा पावसाळा झाला की पाण्याखाली जाणारी. शहर बांधापर्यंत आलं तेव्हा घरात दोन प्रस्ताव होते. एक, प्राधिकरणाची, म्हणजे शहराभोवतालचा विकास बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नगररचना योजना: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते-बागा काढायच्या आणि उरलेल्यातून प्रत्येकाला नव्याने आखलेला 'अंतिम भूखंड' परत द्यायचा. गावात तिला सगळे 'टीपी'च म्हणतात. दुसरा, बिल्डरबरोबर विकसन करार करून खाजगी लेआऊट. आम्ही टीपीच्या बाजूने गेलो, शेजारच्या भावकीने आधीच लेआऊट मंजूर करून घेतला होता. दोन्हींचं काय होतंय ते बांधाच्या अल्याड-पल्याड रोज दिसतं. नात्यातली माणसं फोन करून विचारतात, त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्याला पुढची वीस वर्षं शेतीच करायची आहे आणि ज्याची जमीन विकास आराखड्यात शेती विभागातच राहिली आहे, त्याने या दोन्हींच्या नादी लागू नये. टीपी शेती वाचवत नाही. अंतिम भूखंडावर बांधकाम होईपर्यंत मेथी-कोथिंबीर लावता येते, पण विहीर एकीकडे आणि भूखंड दुसरीकडे अशी गत होऊ शकते. प्रश्न त्यांच्यापुढे आहे ज्यांची जमीन आज ना उद्या शहरात जाणारच आहे, आणि तिथे मोकळी जागा किती उरणार, नदीपर्यंत पाय पोचणार का, याची ज्यांना चिंता आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्याचं गणित प्रत्येक जण आपापलं मांडतोच. पुण्याच्या आसपासच्या योजनांमध्ये साधारण निम्मी जमीन अंतिम भूखंड म्हणून परत मिळते. उरलेल्यात रस्ते, बागा, शाळा, दुर्बल घटकांची घरं आणि प्राधिकरणाने विकायचे भूखंड. आमच्या एकशेचाळीस गुंठ्यांचे सत्तर होणार. हा आकडा पहिल्यांदा ऐकल्यावर आमचे थोरले चुलते बैठकीतून उठून गेले होते, आणि मला त्यांचा राग समजतो. बिल्डरच्या कागदावरचा आकडा कधीच इतका वाईट दिसत नाही. टीपीत सुधार आकाराचंही, म्हणजे जमिनीची किंमत वाढते म्हणून भरायच्या पैशांचंही, एक प्रकरण असतं; ते लवादाच्या, म्हणजे योजनेवर सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, निकालात ठरतं.

पण बिल्डरच्या कागदात आमची खालची तीस गुंठे जवळजवळ नव्हतीच. निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम चालत नाही; ही रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. बिल्डरचं म्हणणं सरळ होतं: जिथे बांधता येत नाही तिथले पैसे कशाचे? त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. आमच्या टीपीच्या मसुद्यात मात्र तीच तीस गुंठे निम्म्याच्या हिशोबात धरली आहेत, आणि आमचा अंतिम भूखंड रेषेच्या बाहेर, कोरड्या जागी दाखवला आहे. पूररेषेतली सगळ्यांची जमीन एकत्र होऊन नदीकाठची एक सलग मोकळी पट्टी झाली आहे. प्रत्येक योजनेत असंच होईल असं मी म्हणणार नाही. बैठकीत हा प्रश्न नावानिशी विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

इथपर्यंत दोन्ही पारडी मला सारखीच वाटत होती. पारडं फिरलं ते एका फाटकामुळे.

आमच्या शिवारातून नदीला जाणारी एक पाणंद आहे. दोन्ही बाजूंना निवडुंग आणि घाणेरी, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या. खाली नदीला बांधीव घाट असा नाही, दगडी उतार आणि एक पिंपळ. पोळ्याला बैल तिथेच धुवायचे, गणपती तिथेच बोळवायचे, आणि दहावे तिथेच व्हायचे. नदी आता पूर्वीची राहिली नाही. शहराचं सांडपाणी येतं, उन्हाळ्यात जलपर्णीने पाणी दिसत नाही. तरी गावाची नदी तीच.

शेजारचा लेआऊट झाला तेव्हा ही पाणंद त्याच्या कुंपणाच्या आत गेली. कोणी मुद्दाम गिळली असं मी म्हणत नाही. अंतर्गत रस्त्यांची आखणी झाली, पाणंदीचा एक तुकडा त्या रस्त्यात मिसळला, दुसऱ्यावर झाडं लागली, आणि तोंडाशी फाटक बसलं. सुरुवातीची दोन वर्षं फाटक उघडंच असायचं, म्हणून कोणी काही बोललं नाही. मग लोक राहायला आले, चोरीचा एक प्रकार झाला, आणि फाटकावर केबिन आली.

त्यानंतर माझ्या काकू गेल्या. दहाव्याला सकाळी आम्ही पंधरा-वीस माणसं, पुढे भटजी, चुलतभावाच्या हातात पिंडाचं ताट, अशी निघालो. फाटकावर वॉचमन होता, विशीतला पोरगा, अदबीने वागणारा. त्याने रजिस्टर पुढे केलं. "काका, कोणत्या फ्लॅटला जायचंय?" त्या रकान्यात काय लिहायचं ते मला सुचेना. शेवटी मी 'नदी' असं लिहिलं. त्याने ते वाचलं, आत फोन लावला, आणि आम्ही उन्हात उभे राहिलो. वीस मिनिटांनी परवानगी आली, गाड्या आत न नेण्याच्या अटीवर. आमच्याकडे गाड्या नव्हत्याच. चुलतभाऊ पूर्ण वेळ ताट दोन्ही हातांत धरून उभा होता; खाली ठेवायला तिथे जागा नव्हती.

घरी आल्यावर थोरले चुलते, निम्मी जमीन जाते म्हणून बैठकीतून उठलेले, एवढंच म्हणाले, "तो नकाशा परत बघू."

आता कायद्याने ती वाट गावाची आहे का? भूमी अभिलेख खात्याकडून गाव नकाशाची प्रत काढली तर आमची पाणंद दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली आहे. या खुणेचा अर्थ गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा असती तर ती पायवाट. म्हणजे वाट होती, आणि नकाशावर होती. पण सातबाऱ्यावर तिचा उल्लेख नाही, बहुतेक ठिकाणी नसतोच. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत. आम्ही कधीपासून मोजणार? फाटक बसलं तेव्हा ते उघडं होतं, आणि केबिन आल्यावर भावकीशी भांडायला नको म्हणून आम्ही गप्प राहिलो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ ने बांधावरून रस्ता मिळतो, पण तो शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी. पिंडदानाला, गणपतीला, पोरांना पाणी दाखवायला जाण्यासाठी तो नाही. दिवाणी दावा उरतो, आणि तो भावकीविरुद्ध लावायला आमच्या घरात कोणी तयार नाही.

लेआऊटमधल्या मोकळ्या जागेचंही असंच. राज्याच्या एकत्रिकृत नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआऊटला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. शेजारच्यांनी ती सोडली आहे, आणि चांगली ठेवली आहे. हिरवळ आहे, बाक आहेत, मुलांचे झोके आहेत, संध्याकाळी दिवे लागतात. पण ती तिथल्या रहिवाशांची. गावातल्या पोराने तिथे चेंडू टाकला तर त्याला हटकतात. एकेक लेआऊट आपापली दहा टक्के आपापल्या कुंपणात ठेवतो, आणि नदीच्या कडेने चालत जायचं म्हटलं तर दर दोनशे पावलांवर भिंत आडवी येते.

टीपीत हे गणित उलटं असतं. रस्ते, बागा, मोकळ्या जागा प्राधिकरणाच्या नावे होतात, मूळ हद्दी पुसून नवी आखणी होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. आम्ही एकच सूचना दिली: पाणंदीच्या रेषेवर, आमच्या हद्दीत जो भाग येतो तिथून, सार्वजनिक रस्ता थेट नदीपर्यंत न्यावा. सोबत गाव नकाशाची प्रत, पिंपळाचा फोटो आणि गावातल्या चाळीस जणांच्या सह्या. सुनावणी दहा मिनिटांची झाली असेल. सुधारलेल्या नकाशात बारा मीटरचा रस्ता आला. जुन्या उतारापासून तो थोडा पूर्वेला सरकला आहे, कारण शेजारचा लेआऊट योजनेच्या बाहेर आहे. पण या रस्त्याच्या तोंडाशी फाटक बसवायचा अधिकार कोणालाच नाही.

हे नुसतं कागदावर राहणारं काम नाही, याचा पुरावा शहरातच आहे. शिवाजीनगर, कोरेगाव पार्क भागातल्या जुन्या पत्त्यांमध्ये 'फायनल प्लॉट क्रमांक' लिहिलेला असतो. तो जुन्या टीपी योजनांमधला अंतिम भूखंड. इथे हे तंत्र १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आहे. अहमदाबादचा रिंग रोड अशाच योजनांमधून जागा मिळवत झाला. महाराष्ट्रात मधली कित्येक वर्षं हे तंत्र मागे पडलं होतं, म्हणून आपल्याकडे ते नवीन वाटतं.

टीपीचे तोटे मी लपवणार नाही. सगळ्यात मोठा वेळ. आमचं प्रकरण अजून लवादापुढे आहे, आणि ज्याच्या घरात दोन वर्षांत लग्न आहे किंवा कर्ज डोक्यावर आहे, त्याला मी हा रस्ता सुचवणार नाही. त्याने चांगला वकील बघून करार करावा. दुसरं, सार्वजनिक मोकळी जागा ताब्यात घेणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. नदीकाठच्या रिकाम्या जागेवर रात्रीतून राडारोड्याचे डंपर रिकामे होतात, हे पुण्यात कोणाला सांगायला नको. शेजारच्या लेआऊटची बाग आज आमच्या नकाशातल्या बागेपेक्षा कितीतरी सुंदर आहे, कारण ती प्रत्यक्षात आहे. आणि पुढे नदीकाठ सुशोभित करताना काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या तर आमच्या बारा मीटरच्या रस्त्याच्या शेवटी उतार असेल की कठडा, हेही बघावं लागेल. त्यासाठी पुन्हा सूचना द्यावी लागेल, आणि आम्ही ती देऊ.

मगरपट्ट्यासारखं का नाही केलं, असं हमखास विचारतात. सुमारे एकशेवीस कुटुंबांनी चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी काढली, जमीन न विकता शहर उभं केलं. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. त्यासाठी सलग जमीन, एक विचार आणि सगळ्यांना मान्य असा पुढारी लागतो. आमच्याकडे अकरा सातबारे, त्यातले चार वादात. आम्ही दोन बैठका घेतल्या, तिसरी झाली नाही.

काही जण म्हणतात, काहीच करू नका, आराखड्यात बागेचं आरक्षण पडू द्या. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस द्यायची, चोवीस महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं आणि जमीन मोकळी. मालकाच्या बाजूने हा डाव बसू शकतो. पण मग बाग होत नाही, आणि पाणंद तिथेच अडकलेली राहते.

म्हणून ज्याला घाई नाही, ज्याची जमीन थोडीफार पूररेषेत आहे आणि ज्याच्या बांधावरून गावाची वाट नदीला जाते, त्याने माझ्या मते टीपीकडे जरा झुकतं माप द्यावं. लेआऊटच करायचा ठरला, तर करारात पाणंद आहे त्या रुंदीची, आहे त्या जागी आणि बिनफाटकाची राहील असं कलम घाला, आणि मंजूर नकाशावर ती सार्वजनिक रस्ता म्हणून दाखवून घ्या. भावकीने हे तेव्हा केलं असतं तर त्यांना एक गुंठाही कमी पडला नसता. परवा त्या भावकीतला चुलतभाऊ स्वतःच म्हणाला, सोसायटीच्या सभेत विषय काढतो.

कोणताही पर्याय घ्या, गाव नकाशाची प्रत मसुदा यायच्या आधी काढून ठेवा. तीस दिवस फार पटकन जातात, आणि आम्हाला ती प्रत हातात पडायलाच त्यातले अकरा लागले होते.