पोर्कीची आगगाडी : मूळ बघावी, गिरवलेली की रंगवलेली?

‘पोर्कीज रेलरोड’ या पोर्की नावाच्या डुकराच्या १९३७च्या कार्टूनच्या तीन आवृत्त्या आज फिरताहेत आणि तिन्हींचं नाव एकच आहे. एक मूळ कृष्णधवल. दुसरी १९६८च्या सुमाराची, प्रत्येक चित्र हाताने नव्याने गिरवून रंगवलेली. तिसरी १९९०च्या दशकातली, मूळ फिल्मवरच संगणकाने रंग चढवलेली. नेटवर शोधलं तर यातली कुठली हाती लागेल याचा नेम नसतो. बरेच लोक पहिली सापडेल ती बघतात, ‘ठीकठाक आहे’ म्हणतात आणि पुढे जातात. निम्म्या वेळा तो ठीकठाकपणा कार्टूनचा नसतो, हाती लागलेल्या आवृत्तीचा असतो.

गोष्ट थोडक्यात एवढीच. पोर्की हा ‘फिफ्टीन्थ सेंच्युरी लिमिटेड’ नावाच्या खटारा गाडीचा ड्रायव्हर. त्याच्या जागी ‘सिल्व्हर फिश’ नावाची नवी, गुळगुळीत नाकाची गाडी येते. तिचा ड्रायव्हर पोर्कीला हिणवतो आणि दोघांची शर्यत लागते. शेवटी एक वळू मागून अशी धडक देतो की पोर्कीची गाडी सिल्व्हर फिशच्या पुढे जाऊन पडते. म्हणजे डिझेलच्या जमान्याला वाफेने हरवलंच नाही, शिंगांनी हरवलं. त्या काळच्या प्रेक्षकाला यातल्या नावांची गंमत कळायला वेळ लागला नसेल. न्यूयॉर्क-शिकागो मार्गावरची ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ ही १९०२पासूनची मानाची गाडी. आणि २६ मे १९३४ला ‘झेफिर’ या स्टेनलेस स्टीलच्या डिझेल गाडीने डेन्व्हर ते शिकागो हे १,०१५ मैलांचं अंतर १३ तास ५ मिनिटांत कापलं होतं. चंदेरी गाडी विरुद्ध काळं इंजिन हा तेव्हा वर्तमानपत्रातला ताजा विषय होता.

इथेच माझा कल कुठे आहे ते उघड होतं, तरी सांगून टाकतो. हे कार्टून ज्या दोन वस्तूंबद्दल आहे त्या मुळातच काळ्या-पांढऱ्या आहेत. एक कोळशाने माखलेलं इंजिन, दुसरा न रंगवलेला पोलादी डबा, आणि दोघांच्या मध्ये धूर. फुलबागेचं कार्टून असतं तर मीही रंगाकडे झुकलो असतो. इथे रंग चढवणाऱ्याला रंग कुठून तरी पैदा करावे लागतात.

रंगाची गरज मुळात टीव्हीमुळे पडली. १९६०च्या दशकात अमेरिकेत रंगीत संच वाढले, तशी कृष्णधवल कार्टूनं स्थानिक वाहिन्यांना नकोशी झाली. मग ही कार्टूनं बनवणाऱ्या वॉर्नर स्टुडिओने पोर्कीच्या जमान्यातली बरीचशी कार्टूनं गिरवून घेतली. काम दक्षिण कोरियात झालं. पद्धत अशी : मूळ फिल्मची एकेक फ्रेम कागदावर पाडायची, तिच्यावरून रेषा गिरवायच्या, त्या सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर, उतरवून रंग भरायचे, मागची दृश्यं नव्याने रंगवायची आणि सगळं पुन्हा कॅमेऱ्याखाली धरायचं. आवाजाची पट्टी मात्र जुनीच.

कष्ट कमी नव्हते, हे मान्यच करायला हवं. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर सात मिनिटांच्या साधारण १०,००० फ्रेम होतात. तेवढी चित्रं काढणं परवडणारं नव्हतं, म्हणून चित्रं गाळली गेली. जिथे मूळ अ‍ॅनिमेटरने प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र दिलं होतं तिथे एक आड एक चित्र घ्यायचं आणि ते दोन फ्रेम धरून ठेवायचं. बोलणाऱ्या, चालणाऱ्या पात्राच्या बाबतीत हे खपून जातं. थोडं अडखळल्यासारखं वाटतं, एवढंच.

गाडीच्या बाबतीत खपत नाही. आणि माझ्यापुरता निकाल लावला तो नेमक्या याच गोष्टीने, म्हणजे चाकांनी.

कार्टूनमधलं चाक फिरवायला दर वेळी नवं चित्र काढत नाहीत. तीन, चार किंवा आठ चित्रांचं एक चक्र करतात आणि तेच पुन्हा पुन्हा वापरतात. समजा चक्र चार चित्रांचं आहे. इंजिनाची चाकं जोडणारा दांडा पहिल्या चित्रात वर, दुसऱ्यात पुढे, तिसऱ्यात खाली, चौथ्यात मागे. दर फ्रेमला एक चित्र म्हणजे सेकंदाला सहा फेरे. शर्यतीला साजेसा वेग. आता यातली एक आड एक चित्रं काढून टाका. उरतात दोनच, दांडा वर आणि दांडा खाली. मग तो पुढून खाली आला की मागून, हे डोळ्याला कळायला मार्गच राहत नाही. चाक फिरायचं थांबतं आणि दांडा शिवणयंत्राच्या सुईसारखा वरखाली टुकटुकत बसतो. चक्र तीन चित्रांचं असेल तर त्याहून वाईट. एक, दोन, तीन या क्रमातून एक आड एक उचललं की हाती येतं एक, तीन, दोन. चाक चक्क उलटं फिरतं! गाडी पुढे धावतेय, झाडं मागे पळताहेत आणि चाकं उलट्या दिशेने. आठ चित्रांचं चक्र असेल तर त्यातल्या त्यात बचावतं, कारण चार उरतात आणि दिशा तरी कळते.

एकदा हे नजरेत भरलं की गिरवलेल्या आवृत्तीत दुसरं काही दिसत नाही. शर्यतीच्या कार्टूनमध्ये वेगच पटला नाही तर मग उरतं काय? कदाचित मी जरा जास्तच काटेकोर असेन. ज्यांना इंजिनांचं वेड नाही त्यांना हा दोष जाणवेलच असं नाही.

दुसरी अडचण दिग्दर्शकामुळे येते. हे कार्टून फ्रँक टॅशलिनचं, श्रेयनामावलीत ‘फ्रँक टॅश’. पुढे तो जिवंत नटांच्या विनोदी चित्रपटांकडे गेला, आणि कार्टून करतानाही तो चित्रपटासारखेच कोन आणि झटपट काप वापरायचा. शर्यतीतले काही तुकडे डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतात. अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यात १२ फ्रेम असतात. त्यातली सहाच चित्रं उरली तर हालचालीची चढण आणि उतार दोन्ही जातात, फक्त धक्का उरतो. त्यात कार्ल स्टॉलिंगचं संगीत फ्रेम मोजून बसवलेलं. १२ फ्रेमचा ठोका असेल तर मिनिटाला १२० ठोके, ८ फ्रेमचा असेल तर १८०. आवाजाला कुणी हात लावलेला नाही, चित्र मात्र अधूनमधून फ्रेमभर मागेपुढे पडतं. एका फ्रेमची चूक म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग, ऐकायला क्षुल्लकच. पण आदळण्याचं चित्र आणि आदळण्याचा आवाज यांत तेवढीच चूक पुरते. टाळ एका लयीत आणि मृदंग दुसऱ्या, असं काहीसं होतं.

मागच्या दृश्यांबद्दल फार बोलत नाही. मूळ चित्रातल्या पुसट छटांच्या जागी सपाट रंग आले, धुराला जाड कडा आली, बारीकसारीक तपशील गेले.

संगणकाने रंगवलेली आवृत्ती हे वेगळं प्रकरण आहे, आणि तिला गिरवलेलीच्या पंगतीला बसवणं अन्यायाचं होईल. तिच्यात काहीही पुन्हा काढलेलं नाही. मूळ फ्रेम जशीच्या तशी ठेवून तिच्या करड्या छटांवर रंगाचा पातळ थर दिलेला आहे. त्यामुळे टॅशलिनची गती शाबूत, रेषा मूळ अ‍ॅनिमेटरच्याच, आणि चाकं सरळ फिरतात. माझी मुख्य तक्रार इथे लागूच होत नाही.

मग घोडं कुठे अडतं? छटांपाशी. १९३७ला स्टुडिओतले रंगारी सेल करड्या रंगांनीच रंगवत. कुठली छटा कुठे द्यायची ती आकृती उठून दिसावी म्हणून, खऱ्या रंगाचा विचार करून नव्हे. संगणक त्या छटेचा उजेड-अंधार बदलत नाही, फक्त तिला रंग देतो. जे पांढरं आहे ते फिकट राहणार, जे काळं आहे ते काळंच. गडद निळं आकाश हवं असेल तर मुळात ते मध्यम करडं असावं लागतं. पिवळा खुलायला उजळ छटा लागते, ती नसेल तर तो शेणकटतो. पोर्कीचा गुलाबी बरा जमतो, कारण त्याची छटा मुळात फिकट आहे. गवत, डोंगर, लाकडी खांब यांवर मात्र पाण्यात भिजून वाळलेल्या कॅलेंडरची कळा येते. वेगाने हलणाऱ्या वस्तूच्या कडेला रंग अधूनमधून रेषेबाहेर सांडतो किंवा हातापायांच्या बेचक्यात भरायचा राहतो. सगळ्यात जास्त नुकसान चंदेरी गाडीचं होतं. कृष्णधवलमध्ये तिचा पांढरा चकाकतो, कारण शेजारी फक्त करडं असतं. आजूबाजूला रंग आले की तोच पांढरा चुना लावल्यासारखा दिसतो.

हाती आलेली आवृत्ती कुठली हे ओळखायला अर्धं मिनिट पुरे. रंगीत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कलर’ किंवा ‘सॅच्युरेशन’ शून्यावर आणा. संगणकाने रंगवलेली असेल तर जवळजवळ मूळ कार्टून समोर उभं राहतं, कारण खालच्या करड्या छटा तशाच आहेत. गिरवलेली असेल तर सपाट, मळकट करडं चित्र दिसतं आणि खोली येत नाही. हे नको असेल तर धुराकडे बघा. कडा जाड आणि थरथरती असेल तर गिरवलेली.

आता थोडं टीव्हीबद्दल, कारण चांगली प्रत मिळवूनही लोक इथे माती खातात. चित्राचा आकार जवळपास ४:३ आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. पट्ट्या डोळ्यांत खुपतात म्हणून चित्र ताणू नका. आगगाडीचं कार्टून असल्याने ताणलेलं लगेच पकडता येतं, चाकं लंबगोल होतात. दुसरं, ‘मोशन स्मूदिंग’, ‘ट्रू मोशन’ वगैरे नावांची सोय बंद करा. ती दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं घुसवते. चित्रपटात चालून जातं, पण कार्टूनमधल्या चाकांचं ती पिठलं करते. मग मूळ आवृत्तीलाही गिरवलेलीसारखाच दोष लागतो, आणि खापर ९० वर्षं जुन्या कार्टूनवर फुटतं. ‘शार्पनेस’ही खाली आणा, नाहीतर काळ्या रेषेभोवती पांढरी कड उमटते.

मूळ कृष्णधवल हवं असेल तर डीव्हीडीचा मार्ग सगळ्यात खात्रीचा. २००६च्या ‘लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन’च्या चौथ्या खंडात टॅशलिनच्या कार्टूनांची एक वेगळी डिस्क आहे, तिच्यात हे आहे. २०१७ला ‘पोर्की पिग १०१’ नावाचा संच आला, त्यात पोर्कीची कृष्णधवल कार्टूनं एकगठ्ठा मिळतात. फक्त याच कार्टूनसाठी घेत असाल तर पहिला, पोर्कीच आवडत असेल तर दुसरा. डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालावी ते तिच्या ‘रीजन’च्या आकड्यावरून ठरतं. गोल्डन कलेक्शनची अमेरिकी डिस्क रीजन १ची आणि भारतातले प्लेअर रीजन ५चे, हे मागवण्याआधी लक्षात घ्या. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये रीजन बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. तेव्हा घरात जुना ड्राइव्ह पडून असेल तर तो रीजन १ला वाहून टाका आणि रोजच्या वापरातल्याला हात लावू नका.

राहता राहिला मुलांचा प्रश्न, कारण बहुतेकांना हे त्यांच्यासाठीच हवं असतं. मोठ्या माणसांनी थेट कृष्णधवल बघावं, यात मला फारशी शंका नाही. सात मिनिटांनी काय बिघडणार आहे! चार-पाच वर्षांचं पोर मात्र कृष्णधवल बघून ‘टीव्ही बिघडलाय’ म्हणून उठून जाऊ शकतं, आणि त्याला दोष देता येत नाही. त्याच्यासाठी संगणकाने रंगवलेली निःसंकोच लावा. फक्त ती आणि गिरवलेली यांत गल्लत होऊ देऊ नका. शर्यत सुरू झाली की रिमोट हातात घ्या आणि रंग हळूहळू खाली आणत शून्यावर न्या. वळू पडद्यावर येईपर्यंत बहुधा कुणाच्या लक्षात येणार नाही.