मीटिओर ३५० की आरसी ३९०?

रॉयल एनफिल्डची मीटिओर ही निवांत क्रूझर बाइक विकून केटीएमची आरसी ही स्पोर्ट्स बाइक घ्यायची, तर इंजिनची ताकद साधारण २० बीएचपीवरून (हॉर्सपॉवर) थेट दुपटीच्या वर जाते. वजन उलट १९१ किलोंवरून १७२ वर येतं.

पण खरा फरक टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, कुठे मिळतो यात आहे. मीटिओरचा २७ न्यूटन मीटर ४,००० आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) हाताशी असतो, म्हणून निपाणीत उसाच्या ट्रॉलीमागेही ती निवांत चालते. आरसीचा ३७ मिळतो ७,००० ला. गर्दीत सारखे गिअर बदलावे लागतात, मनगटं दुखतात, इंजिनची धग मांड्यांना लागते. मागे बसणाऱ्याचे तर हालच. बायको-मुलासह रोज खानापूर-बेळगाव करणाऱ्याने मीटिओर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

जांबोटी ओलांडून चोर्ला घाट लागला की मात्र पारडं फिरतं. क्रूझरचं फूटपेग (पाय ठेवायचा दांडा) वळणावर लवकर घासतं, आरसी निर्धास्त झुकते. कणकुंबीच्या पावसात तिचं कॉर्नरिंग एबीएस, म्हणजे वळणात झुकलेली असताना ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, फार मोलाचं. तरी पहिला पावसाळा घाटात नकोच; आधी कोल्हापूर हायवेवर ब्रेक आणि थ्रॉटलची सवय करून घ्या.

आरसीची सीट ८२४ मिलिमीटर उंच आहे. टेस्ट राइडला पाय टेकतात का, ते बघा.