कारेलीबागेतला गुलमोहर उतरवला, त्याचा अनुभव

बडोद्यात आमच्या कारेलीबागेतल्या घराला दोन मोठी झाडं होती, फाटकाशी गुलमोहर आणि मागच्या अंगणात कडुनिंब. १९७६ साली घर बांधलं तेव्हा मामंजींनी दोन्ही स्वतःच्या हातांनी लावली. गेल्या वर्षी, २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये, गुलमोहर उतरवावा लागला. कडुनिंब मात्र राहिला, आणि तो राहिला तो ज्यांना आम्ही झाडं कापायला बोलावलं होतं त्यांच्यामुळेच. वाघोडिया रोडवरची ही पाच जणांची मंडळी आहे. बडोद्यात ज्यांच्या आवारात जुनी झाडं आहेत त्यांना आमचा अनुभव उपयोगी पडावा म्हणून सविस्तर लिहिते. मी पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं शास्त्रही येईल.

२०२४ च्या ऑगस्टअखेरचा विश्वामित्री नदीचा पूर बडोदेकरांना वेगळा सांगायला नको. धोक्याची पातळी २६ फुटांची, आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या आवारात अडीच दिवस गुडघ्यावर पाणी होतं. मगर असेल या धास्तीने कुणी अंगणात पाऊल टाकत नव्हतं. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढण्यातच महिना गेला, झाडांकडे पाहायला सवड नव्हती. दिवाळीनंतर दिसलं की गुलमोहराच्या रस्त्याकडच्या फांद्या वाळून टणक झाल्यात आणि बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, फळीसारखी आडवी बुरशी आली आहे. वरून तपकिरी, चकचकीत, कडेला पांढरी. मुलांना मी जी लाकूड कुजवणारी बुरशी गॅनोडर्मा म्हणून चित्रात दाखवायचे, ती माझ्याच दारात होती. झाडाचा कल शेजारच्या भाभींच्या पत्र्याच्या शेडकडे, आणि आमची विजेची सर्व्हिस वायर बरोबर त्याच्या खालून गेलेली.

इथे आधीची एक चूक सांगायला हवी. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गुजरातेत शिरलं, शहरात झाडं पडली आणि आम्ही घाबरलो. तेव्हा कोयता घेऊन दारावर आलेल्या एकाला २,५०० रुपये देऊन कडुनिंब 'हलका' करायला सांगितला. त्याने शेंडा सपाट उडवला, मोठ्या फांद्या मध्येच कापून खुंट ठेवले. संध्याकाळी झाड पाहिलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. पुढच्या पावसात प्रत्येक खुंटातून दहा-दहा सरळसोट फुटवे आले, बागवान ज्यांना पाणसोट म्हणतात ते. दिसायला झाड पुन्हा हिरवंगार झालं. पण हे फुटवे आतल्या लाकडातून येत नाहीत, सालीखालच्या थरातून वर येतात आणि वरवर चिकटलेले असतात. म्हणजे वादळाच्या भीतीने जे केलं त्याने वादळात मोडणाऱ्या फांद्याच वाढल्या. म्हणून या वेळी मी घाई केली नाही. तिघांना बोलावलं. दोघांनी फाटकातूनच वर पाहिलं आणि दोन्ही झाडं मिळून एक आकडा सांगितला.

तिसरी ही मंडळी. त्यांचे मुख्य भाई साधारण पंचेचाळिशीचे. आल्यावर त्यांनी वर पाहिलंच नाही, आधी खाली बसले. बुंध्याभोवतीची माती हाताने बाजूला केली, मुळं जिथून फाकतात तो भाग उघडा केला आणि लाकडी हातोड्याने खोडावर गोल फिरत ठोकत गेले. रस्त्याकडच्या बाजूला टणक आवाज, भिंतीकडे आल्यावर एकदम डब्यासारखा पोकळ. मला म्हणाले, "बेन, तुम्हीच ठोकून बघा." मी ठोकलं. तो फरक एकदा कानाने ऐकल्यावर मनातली शंका गेली. पुराने झाड मारलं असं मी धरून चालले होते. त्यांनी समजावलं की कूज काही वर्षांची आहे, पुराने फक्त उरलीसुरली मुळं गुदमरली. मुळांनाही हवा लागते, पाणी साचलेल्या मातीत ती मिळत नाही. गुलमोहराची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, त्यात एका बाजूला पोकळी. हे झाड ठेवता येणार नव्हतं.

मग आमचे हे त्यांना कडुनिंबाकडे घेऊन गेले. मुळांनी पेव्हर ब्लॉक उचलले होते आणि यांचा आग्रह होता की एकदाच खर्च होतोय तर तोही काढून टाका. भाईंनी तिथेही तसंच ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "काका, लीमडो कापवानी जरूर नथी." (कडुनिंब कापायची गरज नाही.) त्या एका वाक्यासाठी त्यांनी पंधरा-वीस हजारांचं काम सोडलं. उलट दोष ब्लॉकचा आहे असं दाखवून दिलं: २०१५ साली आम्ही खोडाला अगदी चिकटवून फरशी केली होती, पाणी आणि हवा जायला जागाच नव्हती. खोडाभोवती तीन फुटांचं कडं मोकळं करा, ब्लॉक काढा, सिमेंट फोडा, आणि पालापाचोळा पसरा पण खोडाला टेकवू नका, एवढंच त्यांनी सांगितलं.

परवानगीबद्दल: आपल्या आवारातलं झाड असलं तरी महानगरपालिकेच्या बाग खात्याची परवानगी लागते. अर्ज आम्हीच केला, फोटो आणि बुरशीचं वर्णन भाईंनी लिहून दिलं. खात्याचा माणूस पाहून गेला आणि तीन आठवड्यांत कागद हातात आला. कागद आल्याशिवाय करवत काढणार नाही असं भाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझी बहीण मुंबईत पार्ल्याला राहते, तिच्याकडे महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्ष कायदा आहे. तिथे समुद्राकडच्या वाऱ्यामुळे पावसाआधी नारळाच्या झावळ्या उतरवण्याची धांदल असते. आपल्याकडे ती सवय नाही, झाड पडल्यावरच आठवण होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात काम ठरलं. सकाळी चढणारा मुलगा दोर बांधून वर गेला आणि दहा मिनिटांत खाली आला. वाळलेल्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक होतं आणि आत तांबट पक्षी. गुजरातीत त्याला कंसारो म्हणतात, कारण त्याची टुक-टुक तांबट आळीतल्या ठोकण्यासारखी येते. हा पक्षी मेलेल्या, मऊ लाकडातच घर कोरतो आणि हेच त्याचे पिल्लांचे दिवस. मला वाटलं, ही मंडळी आता कानाडोळा करतील. त्यांनी कामाचे दोन भाग केले. शेडकडचा आणि वायरवरचा सगळा भार त्या दिवशी उतरवला. भोकाची फांदी आणि खालचं खोड ठेवलं, कारण वजन कमी झाल्यावर ते पडण्याची भीती उरली नव्हती. पिल्लं उडाल्यावर, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, उरलेलं केलं. दुसऱ्या फेरीचे फक्त मजुरीचे पैसे घेतले.

ते काम मी ओट्यावर खुर्ची टाकून पूर्ण पाहिलं. वीज कंपनीला सांगून लाइन बंद करून घेतली होती. डोक्याला हेल्मेट, कमरेला पट्टा, दोन स्वतंत्र दोर. कापायच्या फांदीला आधी दोर बांधायचा, तो वरच्या मजबूत बेचक्यातून खाली आणून बुंध्याला तीन वेढे द्यायचे. खालचा माणूस त्या वेढ्यांच्या घर्षणावर दोन-दोन मणांचा ओंडका असा अलगद सोडत होता, जसा विहिरीत घागर सोडावी. भाभींच्या पत्र्याला ओरखडाही आला नाही.

पण माझ्या मनात राहिलेली गोष्ट कडुनिंबावरची आहे. खुंट आणि कमकुवत पाणसोट काढायला तोच मुलगा वर गेला, तेव्हा बुटांचे खिळे त्याने काढून ठेवले. गुलमोहर जाणारच होता म्हणून तिथे चालले, जिवंत झाडाला प्रत्येक खिळ्याची जखम होते. मनगटाएवढी एक फांदी त्याने माझ्यासमोर, शिडीच्या उंचीवर कापली. पहिला काप खालून, खोडापासून वीतभर दूर, एक तृतीयांश खोल. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे. फांदी सुटून पडली आणि साल खालपर्यंत सोलपटली नाही, कारण खालच्या कापापाशी ती तुटली. मग उरलेला खुंट. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर कडा असते, त्याला ते कॉलर म्हणतात. त्याने बोटाने ती कडा चाचपली आणि करवत बरोबर तिच्या बाहेर टेकवली. खोडाला सपाट नाही, आणि खुंटही ठेवला नाही.

आमचे हे चुना-मोरचूद कालवून घेऊन आले, जखमेला लावायला. भाईंनी नम्रपणे नको म्हटलं. यांना ते पटेना, म्हणून मी मध्ये पडले. अमेरिकेतले वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि दाखवलं की झाड आपल्यासारखी जखम भरून काढत नाही, ते कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत उभी करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. ही भिंत कॉलरमध्ये तयार होते. ती कापली तर वरून काहीही फासा, आत कूज जाणारच, आणि ती राखली तर लेप न लावताही चालतं. फळबागेत बोर्डो पेस्ट, म्हणजे हाच चुना-मोरचुदाचा लेप, लावतात त्याला वेगळी कारणं आहेत. आज वर्षभराने त्या कापाभोवती सालीचं गोल कडं आलंय, सगळीकडून सारखं जाड, बांगडीसारखं. कोयतेवाल्याच्या खुंटांपैकी एक वर राहिलाय, तो अजून काळा आणि ओला आहे.

आता उणं. दोन्ही दिवस ते सांगितलेल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा आले आणि फोन मीच केला. भुसा गटाराच्या जाळीत गेला, तो आम्हाला काढावा लागला. एक मोगऱ्याची कुंडी फुटली, तिचे पैसे मात्र न मागता कमी केले. आणि बुंधा खणण्याचा खर्च पहिल्या अंदाजात नव्हता, तो वेगळा ४,००० निघाला. हे आधी सांगायला हवं होतं आणि मी त्यांना तसं स्पष्ट बोलले. बुंधा काढणं गरजेचं होतं, कारण बुरशी त्याच लाकडात राहते. गुलमोहराचे दोन्ही फेऱ्या धरून १६,५००, कडुनिंबाचे ६,०००. लाकूड त्यांनी नेलं, मामंजींची आठवण म्हणून दोन फुटांचा एक चांगला ओंडका मी ठेवून घेतला, त्याचा पाट करायला दिलाय.

स्वस्त आहेत असं मी म्हणणार नाही. पण ज्यांच्याकडे जुनं झाड आहे त्यांनी निदान एकदा त्यांना बुंध्यापाशी बसवून ठोकून घ्यावं, तेवढ्या पाहणीचे ५०० रुपये घेतात आणि काम दिलं तर वजा करतात. कडुनिंबाचे निम्मे पाणसोट त्यांनी मुद्दाम ठेवले होते. एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त हिरवळ काढली तर झाडाला पोट भरता येत नाही, असं म्हणाले. उरलेले या मे महिन्यात काढायचेत, तारीख ठरली आहे.