बारीक किसणी : दाते पास, मूठ नापास

पाडव्याच्या श्रीखंडासाठी घेतलेली एचिंगची, म्हणजे रसायनाने धातू कोरून दाते काढलेली, बारीक किसणी दिवाळीपर्यंत जवळजवळ रोज वापरली. आता तिची मूठ निखळली असून सेवा केंद्राने हात वर केले आहेत, म्हणून हा अनुभव तातडीने लिहीत आहे.

दात्यांविषयी तक्रारीला जागा नाही. सांगलीच्या गणपती पेठेतल्या नेहमीच्या किसणीची भोके ठोकून पाडलेली असतात. त्यांची कड फाटून वर येते आणि आले कापण्याऐवजी ओरबाडते. या किसणीत पोलादी पत्र्यावर प्रकाशसंवेदी थर देतात, अतिनील प्रकाशाने त्यावर दात्यांची नक्षी उमटवतात आणि उघडा राहिलेला धातू फेरिक क्लोराइडने विरघळवतात. कुठे ठोका बसत नाही, त्यामुळे कडेला बर, म्हणजे फाटलेल्या धातूची खरखर, राहत नाही आणि धार थेट रसायनातूनच घडते. अमेरिकेत अशा पत्र्याची आधी लाकूड तासण्याची कानस निघाली. 1994 मध्ये कॅनडातील एका गृहिणीने तिच्यावर संत्र्याची साल किसली, तेव्हा कुठे ती स्वयंपाकघरात आली.

साध्या किसणीच्या कितीतरी पट किंमत मोजताना हात आखडला होता आणि पहिले काही आठवडे मी शेजाऱ्यांना ‘घेऊ नका’ असेच सांगत असे. ते मत आता मागे घेतो. जायफळाचा कीस कापसासारखा हलका पडतो. आल्याच्या शिरा वरच अडकतात आणि खाली फक्त रसरशीत गर उतरतो. बोट सोलले गेल्याचे मात्र लिंबू पिळेपर्यंत कळत नाही. किसून झाले की लगेच पाण्याखाली धरावी. गर वाळला की दात्यांतून काढणे जिकिरीचे होते.

आता मुठीविषयी. इतक्या सूक्ष्म कारागिरीचा पत्रा ज्या प्लॅस्टिकच्या खाचेत नुसता दाबून बसवला आहे, ती खाच ओल्या हळदीच्या लोणच्याच्या हंगामात पिवळी पडली, मग तडकली. केंद्राचे उत्तर ठरलेले : ‘कापणाऱ्या कडांची झीज वॉरंटीत येत नाही.’ कडा ठणठणीत आहेत, मूठ तुटली आहे, हे पुन्हा पुन्हा सांगूनही उत्तर बदलले नाही. शेवटी किसणी स्वखर्चाने पुण्याला पाठवा, मग पाहू, असे कळले.

कुपवाड एमआयडीसीतील एका फॅब्रिकेटरने स्टेनलेसची पट्टी वाकवून रिव्हेटने पक्की बसवून दिली आणि त्याने घेतलेले पैसे कुरिअरच्या खर्चापेक्षा कमीच होते.