डिकीवरचा सायकल रॅक: पावसाळा धरून वापरल्यावर

पट्ट्यांनी बांधायचा सायकल रॅक घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: गाडी लावता कुठे? मुंबईत हा रॅक रस्त्यावर फारसा छळत नाही, छळतो तो पार्किंगमध्ये. आमच्या पार्ल्याच्या सोसायटीत स्टिल्टखाली मोकळी जागा आहे म्हणून निभतं. शेजारच्या नव्या टॉवरमध्ये पझल पार्किंग आहे, म्हणजे गाड्या यंत्राने वर-खाली, आडव्या सरकवून रचतात. तिथे गाडीमागे वीतभर काही बाहेर आलं तरी लिफ्ट हलत नाही. तिथला मित्र पहाटे गेटबाहेर उभा राहून रॅक चढवतो आणि परत आल्यावर, उन्हातान्हात, तिथेच उतरवतो.

गाडी माझी साधी हॅचबॅक. सायकली दोन, माझी एमटीबी (माउंटन बाइक) आणि बायकोची हायब्रिड. टपावरचा रॅक मुद्दाम घेतला नाही. तेरा-चौदा किलोची सायकल डोक्यावर उचलायची हौस नाही, आणि मॉलच्या बेसमेंटच्या तोंडाशी उंचीची आडवी दांडी असतेच. एकदा विसरलं की सायकलही गेली आणि टपही.

आता बांधणी. रबरी पाय डिकीच्या पत्र्यावर आणि बंपरवर टेकतात, आणि वरचे, खालचे, बाजूचे पट्टे हुकांनी दाराच्या कडेत अडकतात. सगळा भरवसा त्या कडेवर. आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकना वर प्लास्टिकचा स्पॉयलर असतो. हूक त्यावर पडला तर आज ना उद्या तो तडकणार. फ्रिजवरचं चुंबक काढून कडेला लावून बघा. चिकटलं तर पत्रा, नाही तर घेण्याआधी विक्रेत्याला गाडीचं मॉडेल सांगून नीट विचारा. हूक बसवताना रबराचं बीडिंग चिमटलं तर पहिल्याच सरीत डिकीत पाणी.

पट्टे आधी वरचे, मग खालचे, शेवटी बाजूचे. बाजूचे पट्टे पुष्कळ जण आळसाने सोडून देतात. खड्ड्यात गाडी डावी-उजवी हलते तेव्हा रॅकला तेच धरून ठेवतात. सायकली चढवल्या की वजनाने सगळं जरा बसतं, म्हणून पुन्हा ओढायचे. कर्जतला जाताना वाशीचा खाडीपूल ओलांडला की मी पेट्रोल पंपावर थांबून प्रत्येक बकल हाताने ओढून बघतो. कोरड्या दिवसात सहसा काही निघत नाही. पावसात मात्र हमखास निघतं, कारण नायलॉन भिजलं की ताणतं. हायवेवर मागून भुंग्यासारखा आवाज यायला लागला तर घाबरू नका, सपाट पट्टा वाऱ्यावर फडफडतो. बांधताना पट्ट्याला मध्ये एक पीळ दिला की आवाज बंद. मोकळी टोकं मात्र गुंडाळून गाठ मारा, नाहीतर ती रंगावर आपटत राहतात.

दोन सायकली एकमेकींवर घासतात, हे कुठल्याही जाहिरातीत दिसणार नाही. एकीचं पेडल दुसरीच्या फ्रेमवर येतंच. एसीच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी आणा, उभी चिरा आणि फ्रेमवर चढवा. पुढचं चाक फ्रेमला बांधून टाका, मोकळं राहिलं तर फिरून रंगाला लागतं. चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, हेही बघा. गरम धुरापुढे टायर फार काळ टिकत नाही. सायकल रॅकवर वरच्या दांड्याने टांगायची असते. बायकोच्या सायकलचा तो दांडा तिरका आहे, त्यासाठी वेगळी आडवी दांडी घ्यावी लागली. कार्बन फ्रेम असेल तर अशा रॅकच्या नादी लागू नये.

सायकल आडवी धरली तर साधारण पावणेदोन मीटर, म्हणजे जवळजवळ गाडीच्या रुंदीएवढी. चाक जरासं बाहेर येतं, आणि सायनच्या ट्रॅफिकमध्ये डावीकडून घुसणाऱ्या स्कूटरवाल्यांना तेवढं पुरतं. मी तेव्हा पुढचं चाक काढून आत ठेवतो.

नंबर प्लेटचा प्रश्न खरा आहे. प्लेट बंपरवर असेल तर वाचता येते. माझी डिकीच्या दारावर आहे, ती सायकलींमागे निम्मी झाकते. पनवेलच्या अलीकडे एका हवालदाराने थांबवलं. ‘साहेब, नंबर कुठाय?’ मी उतरून दाखवला. तो म्हणाला, ‘मला दाखवून काय, कॅमेऱ्याला दिसायला हवा.’ मुद्दा बरोबर होता. तेव्हापासून सायकली वरच्या खाचेत बसवतो आणि निघण्यापूर्वी दहा पावलं मागे जाऊन नंबर आणि दोन्ही लाल दिवे दिसतात का ते बघतो. दिसत नसतील तर एकच सायकल न्यायची.

रिव्हर्स सेन्सर कोकलत राहतो, त्याचा उपयोग शून्य. सायकली असताना डिकी उघडत नाही, त्यामुळे पाणी, पंप, टॉवेल मागच्या सीटवर.

सगळ्यात जास्त मजा मांडव्याला येते. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी चढवायची, तासाभराने पलीकडे उतरून सायकली काढायच्या आणि किहीमच्या बाजूला निघायचं. बोटीवर गाड्या अगदी खेटून लावतात, तेव्हा मागे जागा हवी हे चढतानाच सांगा. खारा वारा बकलला खातो. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुऊन, वाळवून सायकलच्या तेलाचा एक थेंब सोडतो, तरी एका बकलवर तांबूस डाग आलाच. वाटेत चहाला थांबलात तर गाडी नजरेसमोर लावा. पट्टा म्हणजे शेवटी कापड, ब्लेडने कापता येतो. मी दोन्ही फ्रेममधून केबल ओवून ती रॅकच्या नळीला कुलपाने अडकवतो. पक्क्या चोराला ती थोपवणार नाही, पण वडापाव खाईपर्यंत पुरते.

रंगाचं म्हणाल तर पायांखाली पत्रा पुसून घेतला तर ओरखडा येत नाही. धूळ तशीच राहिली तर रबर तिचा पॉलिश पेपर करतं. आमचा गाडी धुणारा पहाटे येण्याआधी आम्ही निघतो, म्हणून ओलं फडकं रॅकच्या पिशवीतच असतं. नळ्या, वेल्डिंग अजून ठणठणीत आहेत, वरचे पट्टे मात्र उन्हाने फिके आणि कडेला विसविशीत झालेत. सुटे पट्टे मिळतात का हे रॅक घेतानाच विचारा. माझ्या रॅकचे मिळाले, आणि पुढच्या कर्जतच्या आधी ते बदलणार आहे.