खाऱ्या हवेतली स्पोर्ट्स कार: घरचं खळं, गावचे मेस्त्री की सर्व्हिस सेंटर?

सर्व्हिस बुकात लिहिलेलं असतं, अमुक हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. किनाऱ्यावर हा हिशेब अपुरा पडतो. इथे गाडी चालून झिजते त्याहून उभी राहून जास्त झिजते. मी मालवणजवळ राहतो आणि सेकंडहँड ऑडी टीटी सांभाळतो, दुसऱ्या पिढीची, २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिनाची. कामं घरी करायची, गावच्या मेस्त्रींकडे द्यायची, की दर वेळी घाट चढून कोल्हापूर नाहीतर खाली गोवा गाठायचा, हे तिन्ही करून पाहिलंय. अशी गाडी घ्यायच्या विचारात असाल तर हा प्रश्न गाडी घेण्याआधीच सोडवा.

सगळ्यात महत्त्वाचं काम सगळ्यात साधं आहे, आणि ते घरीच होतं: धुणं. वर्षातून एकदा सर्व्हिस सेंटरने कितीही चकचकीत करून दिली, तरी उरलेले एकावन्न आठवडे मीठ खालच्या पत्र्यावर बसतच असतं. दर आठवड्याला चाकांच्या कमानी, सस्पेन्शन आणि गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवायला हवं. गोड्या म्हणजे खरोखर गोड्या. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी मचूळ होतात. काळ्या काचेवर पाणी शिंपडून वाळू द्या; पांढरा थर उरला तर त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मिठाचा आणखी एक हात मारणं.

दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायची बारीक भोकं असतात. आपल्याकडे जांभ्याची तांबडी माती त्यात जाऊन घट्ट बसते आणि पत्रा आतून कुजायला लागतो. बाहेरून फुगा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मी ती भोकं जाड तंगुसाने, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने, मोकळी करतो. तारेने रंग खरवडतो, तंगूस खरवडत नाही. उघड्या टपाच्या गाड्यांत हे काम जीवनमरणाचं आहे. पोर्शेच्या पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचं (चोरी रोखण्यासाठी इंजिन चालू होऊ न देणारं) युनिट सीटखाली आहे. टपाच्या मुळाशी असलेल्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी तिथपर्यंत पोचतं आणि गाडी चालूच होत नाही. आंब्याच्या झाडाखाली ती गाडी लावणाऱ्याने दर पंधरवड्याला त्या नळ्या बघाव्यात.

ऑइल बदलणं घरी करावं का? उत्तर तुमच्या हातापेक्षा तुमच्या जमिनीवर अवलंबून आहे. खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, सारवलेलं किंवा मातीचं असेल तर जॅक हळूहळू रुततो आणि गाडी कलते. सिमेंटचा सपाट कोबा हवा, बुटका ट्रॉली जॅक हवा (साधा या गाड्यांखाली शिरतच नाही) आणि वजन पेलणारे जॅक स्टँड हवेत. एक गोष्ट कळकळीने सांगतो: गाडी जांभ्याच्या चिऱ्यावर टेकवू नका. चिरा भिंतीत पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण त्याच्या एका कोपऱ्यावर भार आला की पूर्वसूचना न देता फुटतो. खाली तुम्ही असता.

जागा असेल तर हे काम जरूर घरी करा. अॅल्युमिनियमच्या चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचे) आटे नाजूक असतात. माझ्या इंजिनाला चेंबरचा बोल्ट ३० न्यूटन-मीटरने आवळायचा असतो, म्हणजे हाताला फार हलका वाटेल इतकाच. म्हणून टॉर्क रेंच. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर. एका सर्व्हिस सेंटरने ते मशीनने असे आवळून दिले होते की पंक्चर झाल्यावर फोंडाघाटात रात्री साडेनऊला माझ्याच्याने एकही सुटेना. त्या दिवसापासून चाकांचे बोल्ट मी स्वतः तपासतो. जुनं ऑइल माडाच्या मुळात किंवा व्हाळात ओतू नका, गॅरेजच्या पिंपात नेऊन द्या.

गावच्या मेस्त्रींबद्दल शहरातले गाडीवाले नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. बुश, बेअरिंग, सायलेन्सरचं वेल्डिंग, गंजून अडकलेला बोल्ट न मोडता सोडवणं, यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आमचे मेस्त्री मला पहिल्यांदा म्हणाले होते, "आधी हातान चार आटे फिरव, मगे पानो लाव." स्पार्क प्लग बसवताना मी आजही तेच करतो. मात्र ऑइल आणि पार्ट आपण आणून द्यायचे. डब्यावर ५०२.०० ही फोक्सवॅगन-ऑडीची ऑइलसाठीची मान्यता छापलेली आहे की नाही हे बघणं मालकाचं काम आहे.

घाट कशासाठी चढायचा? डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी. सहा गिअरच्या, ओल्या (ऑइलमध्ये चालणाऱ्या) क्लचच्या डीएसजीचं ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदलतात, आणि त्याची पातळी ऑइल ३५ ते ४५ अंश असतानाच बघायची असते. ते तापमान स्कॅनरवर दिसतं, हाताला कळत नाही. एअरबॅग आणि एसीचा गॅसही सर्व्हिस सेंटरकडेच.

ब्रेक ऑइलवर मी बराच काळ अडलो होतो. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. दमट किनाऱ्यावर मुरवायला हवा तयारच असते, आणि करूळ घाट उतरताना ब्रेक तापतातच. ऑइल उकळलं की पेडल पोकळ होऊन तळाला जातं. दोन माणसांत घरी बदलता येतं, पण एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) ब्लॉकमध्ये हवा अडकली तर बहुतेकदा ती काढायला स्कॅनर लागतो. हे काम मी बाहेरच देतो, दोन वर्षं न थांबता दर वर्षी मिरगाच्या आधी.

पावसाळ्याचे चार महिने पुन्हा घरचेच. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये (डीएसजी असेल तर 'पी'वर) ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, ओल आत कोंडते. बॅटरीला मेंटेनर चार्जर जोडा. पंधरा दिवसांनी पाच मिनिटं चालू करून बंद केली तर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. कोरडा दिवस बघून अर्धा तास फिरवूनच आणा. आणि मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, नारळ, सुकी मासळी असेल तर गाडी तिथे नको. उंदीर मासळीसाठी येतात आणि वायरिंग कुरतडून जातात.

गाडी वॉरंटीत असेल तर धुणं सोडून बाकी सगळं सर्व्हिस सेंटरला द्या आणि रेकॉर्ड जपा. वॉरंटी संपली असेल आणि छपराखाली कोबा असेल, तर ऑइल, फिल्टर, प्लग, बॅटरी घरी करा. खर्च निश्चित कमी होतो आणि गाडीचं पोट दर महिन्याला डोळ्यांखालून जातं. कोबा नसेल तर आधी तो घाला. इंजिन पुढे असलेली गाडी या बाबतीत सोयीची. बॉक्स्टरसारख्या गाडीत इंजिन सीटच्या मागे असतं, वरून ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं तेवढी हाताला लागतात, बाकी जवळपास सगळं खालून. घरी करायची हौस असेल तर गाडी निवडतानाच बोनेट उघडून, हात कुठवर जातो ते बघा.